साखळीचा उशीर

आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रानें विचारलें आहे कीं, घरच्या जुन्या ॲम्बॅसडर मोटारीची "टायमिंग चेन ताणली आहे" असें मिस्त्री सांगतो; पोलादाची साखळी रबरी फितीसारखी ताणेल तरी कशी, आणि ताणली तर तुटेपर्यंत ती तशीच चालविण्यास हरकत कोणती? प्रश्न दोन आहेत व दोन्ही मार्मिक आहेत. पहिल्यांत मिस्त्रीची भाषा सैल आहे, आणि दुसऱ्यांत भगिनींचा तर्क थोडा घाईचा आहे, असें आमचें नम्र मत आहे. या साखळीचें तुटणें हें तिचें मोठें भय नव्हे. तुटण्याच्या कितीतरी वर्षें आधीं ती उशीर करूं लागते, आणि घराचें नुकसान होतें तें त्या उशिरानें.

प्रथम ही साखळी असते कोठें तें पाहूं. इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या खालींवर होतो व त्याच्या योगानें खालचा वांकडा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो. पेट्रोलमिश्रित हवा आंत केव्हां घ्यावयाची व जळालेला धूर बाहेर केव्हां सोडावयाचा हें झडपांच्या हातीं असतें. आणि झडपा केव्हां उघडावयाच्या हें कॅमशाफ्ट नांवाच्या दुसऱ्या दांड्याच्या हातीं असतें. घेणें, दाबणें, जाळणें आणि सोडणें हीं चार कर्में पुरीं होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, पण तेवढ्या अवधींत प्रत्येक झडपेनें एकदांच उघडावयाचें असतें. म्हणून कॅमशाफ्टनें बरोबर निम्म्या गतीनें फिरलें पाहिजे. तें साधण्यासाठीं क्रँकशाफ्टच्या तोंडाशीं एक लहान दांतेरी चाक, कॅमशाफ्टच्या तोंडाशीं त्याच्या दुप्पट दांतांचें मोठें चाक, आणि दोहोंवरून फिरणारी एक साखळी अशी योजना असते. हें सर्व इंजिनाच्या पुढच्या अंगास, पंख्याच्या मागें, पत्र्याच्या झांकणाखालीं बंद असतें. गवयाची सम आणि तबलजीची सम एका क्षणीं पडावी म्हणून दोघांना बांधून ठेवणारी अशी ही साखळी आहे.

("टायमिंग चेन" या शब्दास आम्हीं "समयशृंखला" असा प्रतिशब्द योजून एका मिस्त्रीस ऐकविला होता. त्यानें आदरानें मान डोलावली, आणि वळून पोऱ्यास म्हणाला, "अरे, टायमिंग चेन आण." तेव्हांपासून आम्हीं आमचा शब्द मागें घेतला आहे.)

आतां पोलादाची साखळी ताणते का? ताणत नाहीं, ती झिजते. सायकलची साखळी हातांत घेऊन पाहिली तर हें चटकन् समजेल. प्रत्येक सांध्यांत एक खिळा असतो, खिळ्याभोंवतीं एक नळी असते, व नळीवर एक रूळ फिरतो. या घडणीची साखळी हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञानें मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केली, व आजहि साखळीचें मूळ रूप तेंच आहे. साखळी चाकावर वळते तेव्हां प्रत्येक खिळा आपल्या नळींत किंचित् फिरतो, आणि सरळ होतांना पुन्हां फिरतो. अशा कोट्यवधि फेऱ्यांनीं खिळा बारीक होतो व नळीचें भोंक मोठें होतें. पट्ट्या जेवढ्या होत्या तेवढ्याच राहतात. लांबी वाढते ती सांध्यासांध्यांतून.

शाळेंतील संवयीनें थोडें गणित करून दाखवितों. ॲम्बॅसडरमध्यें पुष्कळ वर्षें जें १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन बसत असे तें ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या "बी" मालिकेंतील. ही मालिका १९४७ सालीं ऑस्टिन ए-४० या गाडींत प्रथम आली. म्हणजे हें घराणें आमच्या स्वातंत्र्याच्याच वयाचें आहे. याच घराण्यांतील, आकारानें मोठें १७९८ घनसेंटिमीटरचें इंजिन एम्. जी. बी. या इंग्रजी गाडींत १९६२ पासून १९८० पर्यंत होतें, व त्याच्या साखळीचें माप छापील पुस्तकांत मिळतें: सांधे ५२, आणि एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर ३/८ इंच. एकंदर लांबी साडेएकोणीस इंच झाली. आतां समजा, प्रत्येक सांधा एका इंचाच्या हजार भागांपैकीं चार भाग, म्हणजे जाडसर केसाएवढा, झिजला. बावन्न सांध्यांचे मिळून २०८ भाग झाले. म्हणजे इंचाच्या पांचव्या हिश्शाहून थोडें अधिक, किंवा दोन सांध्यांमधील अंतराच्या निम्म्याहून जास्त. एकट्या सांध्यास विचारलें तर तो निर्दोष ठरेल. बावन्नांची बेरीज मात्र दोषी आहे.

येथें सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी ध्यानांत घेतला जाणारा मुद्दा येतो. साखळीची एक बाजू क्रँकशाफ्ट ओढीत असतो. ती नेहमीं ताठ असते. दुसरी बाजू परतीची, ती सैल असते. सैल बाजूनें लोंबून झांकणावर आपटूं नये म्हणून तेथें एक ताण देणारा घोडा बसविलेला असतो. त्यास कारखान्यांत टेन्शनर म्हणतात. इंजिनांतील तेलाचा दाब व आंतील स्प्रिंग यांच्या जोरानें त्याचा रबरी तळवा साखळीस रेटून धरतो, आणि साखळी जशी झिजेल तसा तो पुढें सरकतो. परंतु हा घोडा सैल बाजूचा आळस झांकतो. ताठ बाजू लांबली तिचें त्याला कांहीं करतां येत नाहीं. ताठ बाजू लांबली कीं मोठें चाक, आणि त्याबरोबर कॅमशाफ्ट, ठरलेल्या वेळेच्या मागें राहतो. म्हणून ज्या इंजिनांत घोडा शाबूत आहे तें इंजिन मुळींच न वाजतांहि उशिरा चालत असूं शकतें. खळखळ ऐकूं आली तर साखळी झिजली असें समजावें. ऐकूं आली नाहीं म्हणून साखळी धड आहे असें समजूं नये.

आणि हा उशीर दुप्पट होऊन भोंवतो. कॅमशाफ्ट निम्म्या गतीनें फिरत असल्यामुळें तो पांच अंश मागें राहिला, तर क्रँकशाफ्टच्या हिशेबीं दहा अंशांचा उशीर होतो. एम्. जी. बी. चेंच उदाहरण घेतलें, तर हवा आंत घेणारी झडप दट्ट्या अगदीं तळाशीं येऊन गेल्यावर ५६ अंशांनीं मिटावी असा नियम आहे. दहा अंश उशीर झाला म्हणजे ती ६६ अंशांवर मिटणार. तेवढ्या अवधींत वर चढूं लागलेला दट्ट्या आंत आलेल्या हवेपैकीं कांहीं पुन्हां बाहेर ढकलून देतो. हंडी भरावयाची, आणि झांकण ठेवण्यापूर्वीं थोडें सांडावयाचें, असा हा प्रकार आहे. इंजिनाचा दम जातो, घाटांत गाडी हांफते, सकाळीं चालू होण्यास कुरकुरते, पेट्रोल अधिक पितें.

या इंजिनांत आणखी एक खोंच आहे. ठिणगी पाडणारा डिस्ट्रिब्यूटर हाहि कॅमशाफ्टवरूनच चालतो. तेव्हां साखळी झिजली कीं झडपांना उशीर होतो, व ठिणगीलाहि तितकाच उशीर होतो. मालक तक्रार करतो कीं "पिकअप" गेला. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर सैल करून किंचित् पुढें फिरवितो. ठिणगी वेळेवर पडूं लागते, गाडीस थोडा जोर येतो, मालक संतुष्ट होतो. सहा महिन्यांनीं पुन्हां तेंच, व पुन्हां तोच उपाय. दुसरा मिस्त्री पहिल्याच्या खुणेवरून फिरवितो, तिसरा दुसऱ्याच्या. आमच्या शास्त्रकारांनीं ज्यास अंधपरंपरान्याय म्हटलें आहे, तो येथें पाना हातांत घेऊन उभा आहे! ठिणगीचा उशीर भरून निघतो, पण झडपांचा उशीर तसाच राहतो. आणि ठिणगी ठीक झाल्यामुळें तो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

याचा परिणाम कोठवर जातो हें सांगण्यासाठीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचें कुटुंब सांगलीकडचें, एकत्र, मोठें. गाडी त्यांच्या वडिलांनीं घेतलेली. वडील गेले, पण गाडी राहिली. लग्नकार्यास, वाडीच्या वारीस आणि लेकीबाळींना स्टेशनावरून आणण्यास तीच. अलीकडे ती चढावर थांबूं लागली. मिस्त्रीनें चारी सिलिंडरांचा दाब मोजला, व सांगितलें कीं, चारांतहि दाब कमी आहे, रिंगा गेल्या, सिलिंडर झिजले, बोअर करून नवे दट्ट्ये घालावे लागतील. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत दोन पक्ष झाले. धाकटे म्हणाले, एवढा पैसा घालण्यापेक्षां भंगारांत द्यावी. थोरले बंधु, ज्यांस सर्वजण नाना म्हणतात, ते कांहींच बोलले नाहींत. पण दोन दिवस त्यांनीं गाडीवरची खोळ काढून ती स्वतः पुसली, एवढें घरांतील बायकांनीं पाहिलें. ज्या बैठकींत निकाल व्हावयाचा होता तिला आम्हीं सहज गेलों असतां हजर होतों.

आम्हांस मोटारविद्या येते असा आमचा दावा नाहीं. परंतु तर्कशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक आम्हीं जन्मभर शिकविला, व मिस्त्रीच्या हातच्या कागदावर आम्हांस जें दिसलें तें एवढेंच कीं, चारी आंकडे कमी होते खरे, पण चारी जवळजवळ सारखे कमी होते. चारपांच पौंडांच्या आंत. सिलिंडर झिजतात ते इतके समसमान झिजतात काय? एकाचा रिंग-तुकडा मोडेल, दुसऱ्याची झडप जळेल, तिसरा बरा राहील, असें व्हावयास हवें. चारांचें दुखणें एकसारखें असेल, तर कारणहि चारांना सामाईक असण्याचा संभव प्रथम तपासावा. आणि चारी सिलिंडरांच्या झडपा हलविणारी सामाईक वस्तु एकच आहे.

हा तर्क झाला. तर्काला परीक्षेची जोड पाहिजे. घरांतील एक पुतण्या अभियांत्रिकी शिकलेला आहे. तो म्हणाला, "मास्तरकाका, याची रीत आहे." त्यानें प्लगाच्या भोंकांतून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर इंजिनतेल सोडलें व दाब पुन्हां मोजला. रिंगा झिजल्या असतील तर तेलानें फट बुजून आंकडा चांगलाच वर चढतो. येथें तो जेमतेम हलला. हा झाला व्यतिरेक. मग त्यानें डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून आंतील फिरता हात आम्हांस दाखविला. क्रँकशाफ्टची पुली चालीच्या दिशेनें थोडी फिरवून थांबविली, आणि नंतर उलट फिरविली. पुली बरीच मागें आली तरी तो हात जागचा हलेना. जेवढी पुली फुकट फिरली तेवढी साखळींत ढिलाई! डिस्ट्रिब्यूटरच्या स्वतःच्या दांत्यांतहि थोडी फट असते ती वजा धरावी लागते, पण येथें वजाबाकी करूनहि शिल्लक पुष्कळ राहिली. हीच परीक्षा वाचकांस कोणताहि खर्च न करतां घरीं करतां येईल. मात्र आधीं बॅटरीची तार सोडावी व प्लग काढून ठेवावे, म्हणजे इंजिन हातानें हलकें फिरतें आणि कोणाचें बोट सांपडत नाहीं.

मिस्त्रीवर ठपका ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. त्यानें आंकडे खरे मोजले होते. आंकड्यांचा अर्थ घाईनें लावला, इतकेंच. मिरजेहून एक वयस्क मिस्त्री बोलावले, त्यांनीं ऐकून घेतलें, पुली एकदां पुढें-मागें करून पाहिली, आणि म्हणाले, "नाना, आधीं झांकण खोलूं. बोअर कुठं पळून जात नाहीं." घरांतील मंडळी या वाक्यावर एकदम मोकळी झाली.

आतां प्रत्यक्ष कामाविषयीं. घरीं हें काम करावें असें आम्ही सांगत नाहीं. पण करवून घेतांना उभें राहून पाहावें, आणि काय पाहावें तें ठाऊक असावें. पाणी काढून रेडिएटर उतरवावा लागतो, पंखा व पट्टा काढावे लागतात, म्हणजे पुली मोकळी दिसते. पुलीच्या मध्यभागीं जो मोठा नट, ज्यांत पूर्वीं हँडल अडकवून गाडी चालू करीत, तोच या कामांतील पहिला हट्टी गृहस्थ होय. त्याच्याखालच्या कुलुपी वॉशरचा कान आधीं सरळ करावा, मग जाड पाना लावून झटक्यानें सोडवावा. झांकण निघाल्यावर आंत तेल उडविणारी एक तबकडी असते. तिची कोणती बाजू बाहेर होती तें काढतांनाच कागदावर लिहून ठेवावें. ती उलटी बसली तर पुढून तेल गळत राहतें, व त्याचें कारण शोधण्यास पुन्हां सगळें खोलावें लागतें. आमचे मिरजेचे मिस्त्री अशा वस्तु काढल्या क्रमानें वर्तमानपत्रावर मांडीत होते. घरांतील मुलांना वाटलें कीं श्राद्धाचीं पानें मांडलीं आहेत.

पुढची गोष्ट कळीची. दोन्ही चाकांवर कारखान्यानें एकएक खळगी केलेली असते. साखळी काढण्यापूर्वीं इंजिन हातानें फिरवून दोन्ही खळग्या एकमेकींसमोर आणाव्या. एकदां साखळी सुटली कीं कोणताहि दांडा उगाच फिरवूं नये. झडप व दट्ट्या यांची भेट होण्याचें निमित्त कशाला द्यावें? नंतर टेन्शनरच्या बुडाशीं असलेला लहान नट काढून त्यांत एक अष्टमांश इंची षट्कोनी किल्ली घालावी व घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवावी, म्हणजे तळवा मागें सरून अडकून बसतो. दोन्ही चाकें साखळीसह, कडांना हलके हलके रेटा देत, एकदमच पुढें काढावयाचीं असतात. लहान चाकाच्या मागें पातळ चकत्या निघतात. त्या फेकूं नयेत, कारण दोन्ही चाकें एका पातळींत राहण्याचा हिशेब त्यांच्यावर आहे. नवीं चाकें घातलीं तर सरळ पट्टी लावून व फीलर गेजनें फट मोजून तो हिशेब पुन्हां करावा लागतो. हें न केलें तर नवी साखळी तिरकी चालून थोड्याच काळांत जुनी होते.

जुनी साखळी हातीं आली कीं मुलांना एक प्रयोग दाखवावा. तिचा एक पदर आडवा, म्हणजे पट्ट्यांच्या कडा जमिनीकडे न करतां बाजू जमिनीकडे करून, दोन टोकांनीं धरावा. नवी साखळी जवळजवळ सरळ राहते. झिजलेली धनुष्यासारखी वांकते. सांगलीस जेव्हां दोन्ही साखळ्या शेजारीं शेजारीं धरल्या तेव्हां धाकट्या पक्षाचे पुढारीहि "अरेच्चा!" म्हणाले. आमच्या मतें भंगाराचा प्रस्ताव त्याच क्षणीं बारगळला.

आतां काटकसरीचा प्रश्न. साखळी नवी घालावी, पण चाकें जुनींच ठेवावीं, घोड्याचा तळवा जुनाच ठेवावा, असा सल्ला पुष्कळदां मिळतो. हा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. झिजलेल्या साखळीबरोबर चाकांचे दांतहि आंकडीसारखे झालेले असतात, व त्यांवर नवी साखळी बसविली तर ते तिला लौकर आपल्यासारखी करून घेतात. तळव्यावर साखळीनें चर पाडलेले असले तर तो बदलावाच. या कामांत किंमत मालाची थोडी, आणि उघडण्या-मिटण्याच्या मजुरीची फार असते. म्हणून एकदां उघडलें कीं आंतील सगळें गोत एकदमच नवें करावें हीच खरी काटकसर. झांकणांतील तेलाचें सील व कागदी पॅकिंग यांना तर पर्यायच नाहीं. माल घेतांना जुनी साखळी बरोबर नेऊन नव्या साखळीशीं सांधे मोजून पाहावे, आणि पदर दोन आहेत कीं एक हेंहि पाहावें. कारण याच घराण्याच्या नंतरच्या कांहीं इंग्रजी इंजिनांत एकपदरी साखळी आली, व ती दुपदरी चाकांवर चालणार नाहीं. एम्. जी. बी. चे शौकीन अद्यापि पुष्कळ असल्यामुळें तिचे सुटे भाग इंग्लंडांत आजहि मिळतात. ॲम्बॅसडर मात्र उत्तरपाड्याच्या कारखान्यांत २०१४ च्या मे महिन्यांत बंद झाली, तेव्हां तिचा माल पारखूनच घ्यावा. ज्यांची गाडी नव्वदीच्या दशकांतील १८०० इसुझू इंजिनाची असेल त्यांनीं हा लेख आपल्या इंजिनास लावूं नये. तें कूळ वेगळें.

बसवितांना क्रँकशाफ्टची किल्लीची खांच सरळ वर, व कॅमशाफ्टची खांच समोरून पाहतां घड्याळांतील एक वाजण्याच्या जागीं ठेवतात. चाकें साखळींत अशीं घालावयाचीं कीं खळग्या समोरासमोर येतील, आणि मग दोन्ही चाकें एकदमच दांड्यांवर सरकवावयाचीं. टेन्शनर बसवून तीच षट्कोनी किल्ली पुन्हां घड्याळाच्या दिशेनेंच फिरविली म्हणजे तळवा सुटून आपण होऊन साखळीस भिडतो. ती उलट फिरवूं नये, व तळवा बाहेरून बळानें साखळीवर दाबूं नये. एवढें या यंत्राचें सोंवळें पाळावें. झांकण लावतांना त्याचे बोल्ट सैल ठेवून, पुलीचा तेल लावलेला गळा सीलमध्यें घालून, झांकण आपोआप मध्यावर आल्यावरच बोल्ट आवळावे. झांकण लावण्यापूर्वीं मात्र इंजिन हातानें दोन पुरे फेरे फिरवून खळग्या पुन्हां समोरासमोर येतात कीं नाहीं हें पाहावें. एका फेऱ्यानें त्या येणार नाहींत. कॅमशाफ्ट त्या वेळीं अर्ध्या वाटेवरच असतो, हें वर सांगितलेंच आहे; आणि हें न उमजल्यामुळें चांगलें बसलेलें काम पुन्हां खोलणारे लोकहि आहेत.

सांगलीची गाडी दुसऱ्या दिवशीं दुपारीं चालू झाली. दाब पुन्हां मोजला तो चारी सिलिंडरांत चढला होता, आणि पुन्हां चारांत सारखाच चढला होता. नानांनीं आंकडे स्वतःच्या वहींत उतरून घेतले. धाकट्यांपैकीं एकानें विचारलें, "नाना, वाडीला केव्हां जायचं?" आणि नाना म्हणाले, "पौर्णिमेला. आई मागं बसेल."

एक काम मात्र त्या आनंदांत विसरणें सोपें असतें, व तें विसरलें तर नव्या साखळीचा उपकार अपकार होतो. जुन्या साखळीच्या उशिराची भरपाई म्हणून जो डिस्ट्रिब्यूटर वर्षानुवर्षें पुढें पुढें फिरविलेला आहे, तो आतां उशीर गेल्यावर तसाच ठेवला, तर ठिणगी वेळेच्या फार आधीं पडेल. इंजिन चढावर टकटक आवाज करूं लागेल, तापेल, आणि दट्ट्यांवर नाहक हातोडे बसतील. तेव्हां साखळी बदलल्याबरोबर ठिणगीची वेळ पुलीवरील खुणेशीं नव्यानें लावून घ्यावी. झडपांच्या फटी पुस्तकांतील मापाप्रमाणें तपासाव्या. आणि जुनें तेल काढून टाकून नवें भरावें. कारण खिळा आणि नळी यांच्यामधें जें कांहीं फिरतें तें तेलच असतें, व त्यांत कचरा असला तर तो कानशीचें काम करतो. सांगलीस मिस्त्रींनीं निरोप घेतांना हेंच एक काम घरांतील मुलांकडे सोंपविलें, आणि तारीख गाडीच्या बॉनेटच्या आंतल्या बाजूस खडूनें लिहून ठेवली.